व्हायोलिनवरचा चिमट्याचा ट्यूनर : नऊ महिन्यांनंतर

चाळिशीत व्हायोलिन हातात घेतलं आणि त्याच आठवड्यात हा ट्यूनर-मेट्रोनोमही: सूर जुळला की हिरवा दिवा दाखवणारं आणि लयीसाठी ठोके देणारं, वाद्याला चिमट्याने लावायचं यंत्र. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट कुठे पडायला हवं ते सांगणारी एकही खूण नाही. त्यामुळे सुरुवातीला हा हिरवा दिवा मला देवच वाटला. लाल दिसला की बोट सरकवायचं, हिरवा झाला की पुढचा सूर.

चौथ्या महिन्यात बॅटरी संपली आणि पितळ उघडं पडलं. शंभरदा वाजवलेली सोपी धून बेसूर झाली. सूर चढलाय की उतरलाय, तेही कळेना!

मग सरांनी क्रमच उलटा केला. आधी सूर गळ्यातून काढायचा, मग बोट ठेवायचं, ट्यूनर सगळ्यात शेवटी. अमेरिकन संगीतशिक्षणतज्ज्ञ एडविन गॉर्डन ज्याला ‘ऑडिएशन’ म्हणतो ते हेच: न वाजणारा सूर मनात ऐकणं आणि समजणं. त्याच्याच मते सांगीतिक क्षमता वयाच्या ९व्या वर्षाच्या सुमारास स्थिरावते. हे वाचून मी आठवडाभर व्हायोलिनला हात लावला नाही. पण क्षमता वेगळी आणि शिकून कमावलेलं वेगळं, हेही तोच सांगतो. शिवाय सुराची क्षमता आणि लयीची क्षमता तो स्वतंत्रपणे मोजतो. माझी लय बरी, कान कच्चा. सरावाचा वेळ कुठे घालायचा ते त्यावरून ठरलं.

व्हायोलिनच्या ‘जी’, ‘डी’, ‘ए’, ‘ई’ या चार तारांपैकी ‘ए’ तारेवर तिसरं बोट नेमकं पडलं की शेजारची मोकळी, म्हणजे बोट न ठेवलेली ‘डी’ तार आपोआप झंकारते. दिव्याकडे बघत होतो तोवर हे मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. आणखी एक गंमत: त्याच तारेवरचा पहिल्या बोटाचा ‘बी’ हा सूर मोकळ्या ई तारेशी जुळवला, तर मोकळ्या डीबरोबर तो टोचतो. तिथे तो सुमारे २२ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त, उतरवावा लागतो. ट्यूनरची हिरवी जागा मात्र एकच.

मेट्रोनोमचा आवाज किरकिरा आहे. तरी मिनिटाला ६० ठोक्यांवरून ३०वर आणल्यापासून तो जास्त कामाचा झाला. दोन ठोक्यांमधले दोन सेकंद आपले आपणच सांभाळायचे. ‘जी’ ही तार ओळखायला ट्यूनर वेळ लावतो, चिमट्याचं रबरही झिजलंय.

घ्यावा का? तारा लावायला जरूर घ्या. लाकडाचं कंपन पकडतो, त्यामुळे शेजारी कुणी वाजवत असलं तरी गोंधळत नाही. मी हल्ली त्याचं तोंड पलीकडे करून लावतो, सूर वाजवून झाला की वळवून बघतो. काल दहापैकी सात हिरवे निघाले.