सीव्हीटी गाडी : एकवीस महिने, पंचवीस हजार किलोमीटर, सहा जॉब कार्डं

गाडी कुठल्या कंपनीची ते लिहिणार नाही. पेट्रोल, सीव्हीटी (कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), २०२० चं मॉडेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतली तेव्हा रनिंग ३८ हजार होतं, आज ६३ हजार आहे. रोज कर्वेनगर ते कॅम्प आणि महिन्यातून एकदा सांगलीला आईकडे. ॲव्हरेज शहरात दहा-अकरा, हायवेला सतरा. एसी, सीट, डिकी सगळं ठीक, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते गिअरबॉक्सवर, आणि त्याहून जास्त त्याच्या वॉरंटीवर.

आधी चांगलं सांगते. संध्याकाळच्या कर्वे रोडवर सीव्हीटीसारखं सुख नाही. नवऱ्याच्या गाडीला एएमटी आहे (साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं), तिच्यात प्रत्येक गिअरला प्रवासी नमस्कार केल्यासारखे पुढे वाकतात. इथे गिअर पडतो हेच कळत नाही, कारण पडायला ठरावीक गिअर नसतातच. दोन पुली, त्यांच्यामध्ये पट्टा. एक पुली रुंदावते तेव्हा दुसरी अरुंद होते आणि गुणोत्तर सरकत राहतं. माझ्या पिढीला हे समजवावं लागू नये. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाच्या पोटात हेच होतं, मी शिकले ती बाबांच्या त्याच स्कूटरवर. मोटारीत ही युक्ती त्याच्याही आधीची. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्यांची गाडी दाखवली होती. ती जेवढ्या वेगाने पुढे जाई तेवढ्याच वेगाने मागेही, म्हणून तिकडे लोक तिच्या उलट्या शर्यती लावत.

आजच्या गाडीत पट्टा पोलादी असतो. पातळ कड्यांवर ओवलेले शेकडो चिमुकले तुकडे, आणि गंमत म्हणजे स्कूटरच्या पट्ट्यासारखा तो ओढत नाही, ढकलतो. पुली त्याला ऑइलच्या दाबाने आवळून धरतात. ऑइल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बुळबुळीत काहीतरी येतं. इथल्या ऑइलचं निम्मं काम उलटं आहे: झीज होऊ द्यायची नाही, पण पोलादावर पोलाद घसरूही द्यायचं नाही. म्हणून होंडाचं एचसीएफ-२ वेगळं, निसानचं एनएस-३ वेगळं, टोयोटाचं एफई वेगळं. साधं ऑटोमॅटिकचं ऑइल यात ओतलं तर पट्टा घसरायला लागतो, पुलीवर ओरखडे पडतात आणि मग खर्चाला अंत नाही. सगळी गोष्ट या ऑइलभोवती फिरते, म्हणून एवढं सांगितलं.

ऑगस्ट २०२४, रनिंग ४४ हजार. सिग्नलवरून निघाल्यावर वीस ते तीसच्या वेगात गाडी थरथरायला लागली. खडबडीत रस्त्यावर लागतं तसं, पण रस्ता गुळगुळीत. सकाळी कधी नाही, फक्त संध्याकाळी, ट्रॅफिकमध्ये चाळीसेक मिनिटं झाल्यावर.

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलं उत्तर मिळालं, “सीव्हीटीत एवढं असतंच मॅडम.” त्यांनी सकाळी साडेनऊला, रात्रभर थंड झालेली गाडी दोन किलोमीटर चालवली आणि जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम नोंदवतात त्या कागदावर, लिहिलं, ‘दोष आढळला नाही’. मी विमा कंपनीत क्लेम डिपार्टमेंटला आहे. एखादा क्लेम कुठल्या वाक्यात अडकतो ते बघण्यातच माझी वीस वर्षं गेलीत, त्यामुळे मी ते कार्ड सहीशिवाय परत दिलं. म्हटलं, माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहा: गरम झाल्यावर, वीस ते तीसच्या वेगात, थरथर. ॲडव्हायझर म्हणाला, “सिस्टिममध्ये एवढी जागा नसते.” जागा होती.

दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम संध्याकाळी साडेसहाला गेले, लक्ष्मी रोडवरून वळसा घालून, गाडी चांगली तापवून. टेक्निशियनला शेजारी बसवलं आणि पुन्हा ट्रॅफिकमध्ये शिरले. तिसऱ्या सिग्नलला गाडी थरथरली. तो पोरगा भला होता, लगेच म्हणाला, “आहे, ताई.” ते ‘आहे’ तिसऱ्या जॉब कार्डवर आलं तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. कुणाच्याही गाडीत हे होत असेल तर एवढं करा: दोष ज्या तापमानाला दिसतो त्याच तापमानाला दाखवा, आणि हायवेची फेरी मारून आलेली गाडी नव्हे, गर्दीत रांगत आलेली गाडी न्या.

गिअरबॉक्सच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, ऑइल बदललं. ऑइलचे पैसे माझे, कारण ते ‘कन्झ्युमेबल’. थरथर गेली आणि पाच महिने मी विसरूनही गेले.

मार्च २०२५ मध्ये खंबाटकीच्या चढाला नवीन आवाज आला. बारीक, गुणगुणल्यासारखा, वेगाबरोबर चढणारा आणि पाय काढल्यावर उतरणारा. टायरचा म्हणून मी दोनदा टायर बघितले. नवऱ्याला ऐकूच येत नव्हता. (त्याला कुकरच्या शिट्ट्याही ऐकू येत नाहीत.) या वेळी गिअरबॉक्सचं तळाचं पॅन खोललं. तिथल्या लोहचुंबकांवर राखाडी, मऊ थर असणं नेहमीचं असतं. माझ्या पॅनमध्ये चमकणारे कण होते. बेअरिंग झिजलं असावं असा त्यांचा अंदाज, पण बेअरिंग बदलून मिळत नाही, पूर्ण असेंब्लीच, म्हणजे अख्खा गिअरबॉक्स, बदलायची. अंदाजपत्रक एक लाख शहाऐंशी हजार. ज्या गाडीला मी साडेसात लाख मोजले तिच्यासाठी.

इथून वॉरंटी सुरू होते. पहिल्या मालकाने पाच वर्षांपर्यंतची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली होती, म्हणजे नोव्हेंबर २०२५ पर्यंत. जुनी गाडी विकणारा एजंट म्हणाला होता, “ती आपोआप तुमच्या नावावर येते.” आपोआप काही येत नाही. आरसी नावावर झाल्यावर अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते आणि त्यालाही मुदत असते. मी ते केलं होतं, निव्वळ खोड म्हणून. नाहीतर हा अनुभव इथेच संपला असता.

तरी क्लेम परत आला. कारण: ‘४० हजार किलोमीटरला ट्रान्समिशन ऑइल बदलल्याची नोंद नाही.’ नोंद खरंच नव्हती. पण ती ४० हजारांची सर्व्हिस मी कुठे केली होती? याच सर्व्हिस सेंटरमध्ये. बिल माझ्याकडे होतं. त्यात केबिन सुगंधी करण्याचे आठशे रुपये होते, सीव्हीटीचं ऑइल नव्हतं. मॅन्युअलच्या तक्त्यात ते होतं. दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून फोटो काढला आणि ईमेलला जोडला. खाली एकच वाक्य लिहिलं, की तक्त्यातलं काम वगळण्याचा निर्णय माझा नव्हता, आणि लेखी नकार द्या म्हणजे ग्राहक आयोगाकडे जाताना जोडता येईल. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली. आठव्या दिवशी फोन आला, “मॅडम, पुन्हा पाठवलाय.” मंजुरीला नंतर पाच आठवडे गेले आणि पार्ट यायला आणखी तीन.

तेवढे दिवस मी ॲक्टिव्हावर काढले. म्हणजे सीव्हीटीवरच. तिचा पट्टा आमचा फिटर अर्ध्या तासात बदलतो.

या काळात बरंच वाचलं. अमेरिकेत निसानला २००३ ते २०१० च्या मॉडेल्सच्या सीव्हीटीची वॉरंटी पाच वर्षं किंवा ६० हजार मैलांवरून दहा वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवावी लागली. सुबारूनेही २०१० नंतरच्या काही गाड्यांना दहा वर्षं दिली. म्हणजे रडणारी मी एकटी नव्हते. पण त्यावरून ‘सीव्हीटी वाईट’ असं म्हणणं मला पटत नाही. आमच्या ऑफिसात एका सहकाऱ्याची सीव्हीटी १ लाख १० हजार चालली आहे. तो चाळिसाला आणि ऐंशीला ऑइल बदलतो, आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरत नाही, ब्रेकवर धरतो. मी ॲक्सिलरेटरवरच धरत होते. माझ्या गिअरबॉक्सच्या दुखण्यात माझा वाटा किती, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

जुलैमध्ये नवी असेंब्ली बसली. पार्ट आणि मजुरी कंपनीची, ऑइल पुन्हा माझं. गाडी पहिल्यापेक्षा गुळगुळीत चालते. आता उतारावर ‘एल’ला (लो) घालते, पार्क करताना आधी हँडब्रेक आणि मग ‘पी’, चालत्या गाडीत रिव्हर्स-ड्राइव्ह (आर-डी) करत नाही. ऑइल ३० हजारांलाच बदलणार, पुस्तक काहीही म्हणो.

एक गोष्ट मात्र मला डिलिव्हरीच्या दिवशी कळली, माझ्यासारखीला कळायला हवी होती. बदललेल्या पार्टला नवी वॉरंटी नसते, जुनीचीच उरलेली मिळते. नव्याकोऱ्या गिअरबॉक्सला चार महिने. मुदत संपायच्या आठवडाभर आधी मी गाडी नेऊन पॅन पुन्हा खोलायला लावलं, पैसे भरून, आणि ‘आवाज नाही, कण नाहीत’ हे लिहून घेतलं. ते सहावं जॉब कार्ड.

सीव्हीटी घ्यावी का? नवी असेल तर घ्या, एक्स्टेंडेड वॉरंटी पहिल्याच दिवशी घ्या. जुनी घेत असाल तर सर्व्हिसचा इतिहास मागा आणि त्यात ट्रान्समिशन ऑइलची ओळ शोधा. ती नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, मी तरी पुढे निघून जाईन.

गेल्या रविवारी आईला सांगलीहून आणताना बोगद्यात शिरायच्या आधी मी रेडिओ बंद केला आणि काचा वर घेतल्या. बोगदा संपेपर्यंत ती गप्प बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “कशावर एवढी रागावलीयेस?”