टक्सन की येना? ऑप्टिक्सच्या मास्टर्ससाठी कुठे जावं

एम.एस्सी. फिजिक्स संपता संपता माझ्यापुढे दोन नावं उरली होती. एक अ‍ॅरिझोना विद्यापीठाचं टक्सनमधलं ऑप्टिकल सायन्सेस कॉलेज, दुसरं जर्मनीतल्या येनाचं अ‍ॅबे स्कूल ऑफ फोटॉनिक्स. (आयआयटी दिल्लीचं अप्लाइड ऑप्टिक्सचं एम.टेक.ही चांगलंच, पण माझी ‘गेट’ची गाडी तिथवर पोचली नाही.) मी येनाला गेलो, तेव्हा तराजू जरा तिकडे कलता वाटला तर सांभाळून घ्या.

निव्वळ शिकण्याचं म्हणाल तर टक्सनला नाव ठेवायला जागा नाही. लेन्स डिझाइन, ऑप्टिकल टेस्टिंग, ऑप्टोमेकॅनिक्स (लेन्स-आरसे अचूक बसवण्याचं तंत्र) हे हातात पडल्या पडल्या कामाला येणारे विषय तिथे खोलवर करून घेतात. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखाली चक्क ८.४ मीटर व्यासाचे दुर्बिणीचे आरसे घडतात. भट्टीच फिरती, त्यामुळे वितळलेली काच आपोआप पॅराबोलाचा खोलगट आकार धरते. याचा मोह मला आजही होतो.

येनाचा ओढा फिजिक्सकडे जास्त: नॅनो-ऑप्टिक्स, फायबर लेसर वगैरे. पण सूक्ष्मदर्शक आणि लेन्स बनवणाऱ्या झाइसने १८४६ मध्ये कारखाना थाटला तो याच गावात, आणि भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट अ‍ॅबेच्या स्मारकावर त्याचं रिझोल्यूशनचं (सूक्ष्मदर्शकातून किती बारीक तपशील वेगळे दिसतील याचं) सूत्र कोरलेलं आहे. फीचा फरक सगळ्यांना माहीत असतोच, त्यात शिरत नाही.

माझं ठरलं ते भलत्याच कारणाने. टक्सनला शिकणाऱ्या एका सीनियरने एका रात्री स्क्रीन शेअर करून नोकरीच्या जाहिराती दाखवल्या. त्याची पद्धत ठरलेली होती. जाहिरात उघडायची, पगार-बिगार न बघता थेट तळाशी जायचं आणि ‘यू.एस. पर्सन’ हे शब्द आहेत का ते बघायचं. असले की खिडकी बंद. त्या रात्री बारा उघडल्या, नऊ बंद केल्या. क्षेपणास्त्राचा डोळा असो की अंधारात बघायची दुर्बीण, ऑप्टिक्स आलंच, आणि तिथे ‘इटार’ नावाचे निर्यात-नियंत्रणाचे नियम आडवे येतात. नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नसाल तर बहुतेक ठिकाणी अर्जच पुढे सरकत नाही. ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच अमेरिकेत काम करायच्या परवानगीची, तीन वर्षं हातात असून काय उपयोग? बारा जाहिराती म्हणजे काही सर्वेक्षण नव्हे, मान्य. सेमीकंडक्टर आणि कॅमेऱ्याच्या कंपन्या घेतातच. तो सीनियरही पुढे कॅलिफोर्नियात लागला. पण दोन वर्षं शिकून आपल्याच विषयाच्या जाहिराती तळापासून वाचायच्या, हे काही मला पटेना.

जर्मनीतही संरक्षणाची कामं आपल्यासाठी जवळपास बंदच. तरी झाइस, काच बनवणारी शॉट, फ्राउनहोफर ही संशोधन संस्था असं सगळं गावातच असल्याने बाकीचं पुष्कळ उरतं, आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात.

लेन्स डिझाइनच करायचं हे पक्कं असेल आणि वाट बघायची तयारी असेल, तर खुशाल टक्सनला जा. येना ठरलं तर मात्र ‘कोर्स इंग्रजीत आहे’ यावर विसंबू नका. पहिल्याच महिन्यात मला स्पेशियल फिल्टरसाठी (लेसरचा झोत स्वच्छ करणाऱ्या जुळणीसाठी) २५ मायक्रॉनचा पिनहोल, म्हणजे अगदी बारीक भोक असलेली चकती, हवा होता. स्टोअरमधल्या काकांना इंग्रजी येईना, मला जर्मन आकडे आठवेनात. मी दोन बोटं दाखवली, मग पाच. त्यांनी सात स्क्रू मोजून दिले.