एटीमेगा328पी म्हणून विकलेली 168: सर्किट उसवण्याआधी चिपची सही वाचा

28 पायांच्या दहा एटीमेगा328पी-पीयू मायक्रोकंट्रोलर चिपा, ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘नवी कोरी’ म्हणून घेतलेल्या. वरची अक्षरं बरोबर, प्रोग्रॅम चढतो, पडताळणीही पास होते. सर्किट मात्र चालत नाही. दहापैकी सहा आतून एटीमेगा168, म्हणजे कमी मेमरीच्या चिपा, निघाल्या. ते कळेपर्यंत माल परत करायची मुदत संपली होती, कारण सगळे दिवस सर्किटमधला दोष शोधण्यात गेले.

विक्रेत्याला दोष देण्याआधी आपली जोडणी मात्र तपासाच. पाय 7 आणि 20 दोन्हींना 5 व्होल्ट, 8 आणि 22 दोन्ही ग्राउंडला; 20 मोकळा सोडणं ही नेहमीची चूक. दोन्ही जोड्यांजवळ 100 नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर. रीसेटचा पाय 1 दहा किलोओहममधून 5 व्होल्टला. 9 आणि 10 वर 16 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन्ही पायांवरून 22 पिकोफॅरड ग्राउंडला. सही, म्हणजे चिपमध्येच असलेला तीन बाइटचा ओळख क्रमांक, वाचतानाही क्रिस्टल काढू नका: जुन्या बोर्डावरून उपटलेल्या चिपचे फ्यूज (आतल्या कायम राहणाऱ्या सेटिंग्ज) बहुधा बाहेरच्या क्रिस्टलवर असतात, तो नसेल तर चिप मेल्यासारखी गप्प राहते. कोरी चिप उलट 1 मेगाहर्ट्झवर चालते, म्हणून प्रोग्रॅमरचा (चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्या उपकरणाचा) वेग 250 किलोहर्ट्झच्या खाली हवा. तो चालवणाऱ्या एव्हीआरड्यूड या सॉफ्टवेअरचा ‘बी’ पर्याय 10 ठेवला की साधारण 100 किलोहर्ट्झ मिळतात.

आता यूएसबीएएसपी किंवा तसाच प्रोग्रॅमर 17, 18, 19 आणि 1 या पायांना जोडून सही वाचा. 328पीची 1ई 95 0एफ. 1ई 95 14 आली तर ती ‘पी’ नसलेली 328, काम भागतं. 1ई 94 06 म्हणजे 168. बूटलोडर (सिरीयलवरून प्रोग्रॅम घेणारा छोटा प्रोग्रॅम) भरलेली चिप असेल तर सिरीयलवरून विचारू नका. ऑप्टिबूट हा बूटलोडर स्वतःत लिहून ठेवलेली सही सांगतो, चिपची नाही.

सही जुळत नाही असं दिसल्यावर अनेकजण एव्हीआरड्यूडला ‘एफ’ पर्याय देऊन पुढे रेटतात. फसवणूक इथेच लपते. दोन्ही चिपांच्या फ्लॅशचं पान 128 बाइटचंच, त्यामुळे 16 किलोबाइटच्या आतला प्रोग्रॅम चढतो आणि जुळतोही. पण 328साठी बांधलेला प्रोग्रॅम स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची रॅममधली जागा) 08एफएफ या पत्त्यावर ठेवतो आणि 168ची रॅम 04एफएफलाच संपते. पहिल्याच फंक्शनमधून परतताना परतीचा पत्ता हरवतो, चिप भरकटते. मल्टिमीटरवर सगळे व्होल्टेज ठीक दिसतात, म्हणून माणूस क्रिस्टल बदलतो, मग कॅपॅसिटर, मग अख्खा बोर्ड. विक्रेत्याने पाठवलेला एलईडी लुकलुकण्याचा व्हिडिओ पुरावा मानू नका. 168साठी बांधलेला तोच प्रोग्रॅम 168वर व्यवस्थित चालतो.

डोळ्यांनीही बरंच कळतं. नव्या डीआयपी (दोन ओळींत पाय असलेल्या) चिपचे पाय किंचित बाहेर फाकलेले असतात, सॉकेटमध्ये बसवताना आत दाबावे लागतात. सरळ झालेले, कथिलाचे डाग असलेले पाय म्हणजे वापरलेला माल. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने पाठ पुसून पाहा: काळा थर उतरून आला तर जुनी अक्षरं घासून त्यावर रंग चढवलेला आहे. ही चाचणी एकाच चिपवर करा, बाकीच्या जशाच्या तशा परत देता आल्या पाहिजेत.

पाकीट उघडतानाचा व्हिडिओ घ्या. प्रत्येक चिप सॉकेटमध्ये बसवूनच वाचा, डाग देऊ (सोल्डर करू) नका. डाग दिलेली चिप कुणी परत घेत नाही. दहाच्या दहा वाचायला अर्धा तासही लागत नाही. सही दाखवणारा स्क्रीनशॉट जोडून मुदतीतच लेखी तक्रार करा, विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.