कुटुंबाच्या पैशांवर पीएचडी: अर्थशास्त्र विभागात की कुटुंब व ग्राहक अर्थशास्त्रात?

लोक कर्ज का काढतात, निवृत्तीसाठी बचत का लांबणीवर टाकतात, नवरा-बायकोत पैशांचे निर्णय कोण घेतं, अशा प्रश्नांवर पीएचडी अर्थशास्त्र विभागातही करता येते आणि कुटुंब व ग्राहक अर्थशास्त्र विभागातही. प्रश्न तेच, डेटाही बहुतेक वेळा तोच. पण शिकण्याची वर्षं आणि नंतरची नोकरी यांत बराच फरक पडतो. इथे अमेरिकेतली विद्यापीठं डोळ्यांसमोर धरली आहेत, कारण असे स्वतंत्र विभाग मुख्यतः तिथेच वाढले.

कुटुंब व ग्राहक अर्थशास्त्राचे विभाग गृहविज्ञानाच्या शाळांमधून आले, त्यामुळे काही अर्थशास्त्रज्ञ अजूनही त्यांच्याकडे नाक मुरडतात. तसं करायला आधार फारसा नाही. घरात पगाराविना होणारं काम ‘उत्पादन’ मानायचं का, याची कसोटी याच गृहविज्ञानाच्या परंपरेतल्या मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्येच मांडली होती: जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतं, ते उत्पादन. म्हणजे स्वयंपाक उत्पादन, जेवणं नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांचा घरातल्या वेळेच्या वाटणीवरचा प्रसिद्ध लेख त्यानंतर १९६५ चा, आणि नोबेल १९९२ चं. रीड यांच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी आली नाही.

अर्थशास्त्र विभागात पहिलं वर्ष मायक्रो (व्यक्ती आणि कंपन्यांचे निर्णय), मॅक्रो (संपूर्ण देशाची अर्थव्यवस्था) आणि इकॉनोमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्र) यांत जातं, आणि बहुतेक ठिकाणी त्यानंतर पात्रता परीक्षा असते. गणित कच्चं असेल तर पहिल्या सत्रातच दमछाक होते. ज्याला घरखर्चावर काम करायचंय त्याला मॅक्रोचा बराचसा भाग पुढे लागतही नाही, पण तो टाळता येत नाही. ग्राहक अर्थशास्त्रात मागणीचा सिद्धांत, कुटुंबाचं वर्तन, ग्राहक धोरण, आर्थिक नियोजन असे विषय लवकर हातात येतात. म्हणून गणितातून सुटका झाली असं मात्र समजू नका. चांगल्या विभागांतले विद्यार्थी इकॉनोमेट्रिक्ससाठी अर्थशास्त्र किंवा कृषी अर्थशास्त्राच्या वर्गातच जाऊन बसतात. ज्या विभागाची संख्याशास्त्राची मजल साध्या रिग्रेशनपाशी (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजण्याची प्राथमिक पद्धत) संपते, तिथे मी तरी जाणार नाही.

ग्राहक अर्थशास्त्राची खरी ताकद डेटा हाताळण्यात आहे. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचं कुटुंबांच्या आर्थिक स्थितीचं सर्वेक्षण घ्या, १९८३ पासून दर तीन वर्षांनी होणारं. लोकांनी न दिलेली उत्तरं त्यात अंदाजाने भरलेली असतात, आणि त्या अंदाजातली अनिश्चितता दिसावी म्हणून प्रत्येक कुटुंब फाइलमध्ये पाच ओळींत येतं. ओळ म्हणजे कुटुंब असं धरून गणित केलं, तर नमुना पाचपट फुगतो आणि निष्कर्ष उगाच पक्के वाटू लागतात. शिवाय श्रीमंत कुटुंबं मुद्दाम जास्त घेतलेली असल्याने भारांक (लोकसंख्येतल्या प्रमाणानुसार प्रत्येक कुटुंबाला दिलेलं वजन) न लावता काढलेली सरासरी संपत्ती भलतीच येते. ग्राहक अर्थशास्त्राच्या विभागात अशा खाचाखोचा माहीत असलेले दोन-तीन प्राध्यापक सहसा सापडतात. अर्थशास्त्र विभागात त्या स्वतःच शोधाव्या लागण्याची शक्यता जास्त.

नोकरीच्या बाबतीत अर्थशास्त्राचं पारडं जड आहे. तिथे भरतीचा ठरलेला हंगाम असतो, जाहिराती एका जागी येतात, आणि विद्यापीठांखेरीज मध्यवर्ती बँका, सल्लागार कंपन्या, तंत्रज्ञान कंपन्याही येतात. ग्राहक अर्थशास्त्रात जागा थोड्या, पण उमेदवारही थोडे. काही पदांत संशोधनासोबत लोकांना आर्थिक शिक्षण देणारं विस्तारकार्य असतं. ज्याला ते मनापासून आवडतं त्याच्यासाठी हे सोनंच, ज्याला नाही त्याला ओझं. अर्थशास्त्राचा पीएचडीधारक ग्राहक अर्थशास्त्राच्या विभागात नोकरीला लागल्याची उदाहरणं सहज सापडतात. उलटी फार कमी. म्हणून विषय अजून पक्का नसेल तर अर्थशास्त्र घ्यावं. प्रश्न पक्का असेल आणि रोख थेट कुटुंबाच्या निर्णयांवर असेल, तर ग्राहक अर्थशास्त्र निःशंक घ्यावं.

एक धोका मात्र लहान विभागांतच जास्त असतो. दरवर्षी मोजकेच विद्यार्थी, त्यामुळे सगळी भिस्त एका मार्गदर्शकावर. तो दुसऱ्या विद्यापीठात गेला की प्रबंध अधांतरी. मोठ्या अर्थशास्त्र विभागात निदान दुसरं कुणीतरी सांभाळून घेतं.

नावांवरूनही फसगत होते. विस्कॉन्सिन-मॅडिसनमध्ये हाच विषय ‘कन्झ्युमर सायन्स’ म्हणून चालतो, इलिनॉयमध्ये कृषी अर्थशास्त्रासोबत एकाच विभागात आहे, तर कॅन्सस स्टेट आणि टेक्सस टेकची पीएचडी वैयक्तिक आर्थिक नियोजनाची आहे, जिची सांगड नियोजनाच्या व्यवसायाशी जास्त. अर्ज करण्याआधी गेल्या पाच वर्षांत कोण कुठे नोकरीला लागलं याची यादी विभागाकडे मागा, आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचं आहे त्यांचे अलीकडचे लेख कुठल्या नियतकालिकांत आलेत ते पाहा. यादी द्यायला टाळाटाळ झाली तर तो विभाग वगळा.