स्कझी साखळीला अ‍ॅक्टिव्ह टर्मिनेटर: आठ महिन्यांचा अनुभव

वडिलांच्या छपाईच्या धंद्यातली नव्वदच्या दशकातली बरीच पानं एमओ डिस्कांवर (मॅग्नेटो-ऑप्टिकल, म्हणजे लेझर आणि चुंबकानं लिहिल्या जाणाऱ्या डिस्क) पडून आहेत. त्या वाचणारा ड्राइव्ह, जुना स्कॅनर आणि कॅबिनेटमधल्या दोन हार्ड डिस्क, सगळं एकाच स्कझी कार्डावर; स्कझी म्हणजे उपकरणं एकापुढे एक साखळीनं जोडायची जुनी पद्धत. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की मशीन मध्येच अडकायचं. दुरुस्तीवाल्यानं 'ड्राइव्ह गेलाय' म्हणून सांगून टाकलं. मला ते पटेना. आठ महिन्यांपूर्वी अ‍ॅक्टिव्ह टर्मिनेटर (साखळीच्या टोकाला लावायचं, सिग्नल उलटा फिरू न देणारं बूच) आणि आखूड केबल घेतल्या. त्याच ड्राइव्हवर तेव्हापासून साठेक डिस्क उतरवल्यात, एकदाही अडकलं नाही.

सगळं श्रेय टर्मिनेटरला मात्र देता येणार नाही. तो लावायच्या निमित्तानं कॅबिनेट उघडलं, तेव्हा खरा घोळ दिसला. टर्मिनेशन साखळीच्या दोन्ही टोकांना हवं आणि मध्ये कुठेही नको. टोक कुठलं ते केबलवरच्या जागेवरून ठरतं, उपकरणाला दिलेल्या क्रमांकाशी (आयडीशी) त्याचा संबंध नाही. माझ्या मधल्या डिस्कच्या कनेक्टरमागे टर्मिनेशनच्या तीन रेझिस्टर पट्ट्या, बारीक दातांच्या कंगव्यासारख्या, तशाच खोचलेल्या होत्या. अशा नुसत्या रेझिस्टरच्या, म्हणजे पॅसिव्ह टर्मिनेशनमध्ये प्रत्येक सिग्नलला २२० ओहम ५ व्होल्टकडे आणि ३३० ओहम ग्राउंडकडे असतात, समांतर धरून १३२ ओहम. दोन टोकांचे समांतर धरले तर ६६ होतात, तिसरं टर्मिनेशन मध्ये घुसलं की ४४. एवढा भार ओढताना सिग्नल ढेपाळतो. पट्ट्या हळूहळू हलवत काढल्या. कार्डाला आत आणि बाहेर दोन्हीकडे उपकरणं, म्हणजे तेही मध्येच आलं. बूट होताना कंट्रोल-ए दाबून त्याचं टर्मिनेशन बंद केलं. स्कॅनरच्या मागचा टर्मिनेशनचा स्विचही बंद केला, कारण आता त्या टोकाला नवा टर्मिनेटर आहे.

आणखी एक गोष्ट मी कित्येक वर्षं पाहूनही पाहिली नव्हती. शेवटची डिस्क रिबनच्या (कॅबिनेटमधल्या चपट्या केबलच्या) मधल्या कनेक्टरला होती आणि पुढे वीतभर रिबन मोकळी लोंबत होती. सिग्नल त्या मोकळ्या टोकापर्यंत जाऊन उलटा फिरतो. डिस्क शेवटच्या कनेक्टरला लावली.

बाहेरच्या जुन्या केबल दोन-दोन मीटरच्या होत्या. कार्ड धरून पाच उपकरणं असताना अल्ट्रा या स्कझीच्या वरच्या वेगाला केबलची एकूण १.५ मीटरचीच मर्यादा आहे. नव्या केबल धरूनही रिबनसकट १.६५ मीटर भरतात, म्हणून वेग सेकंदाला १० मेगाबाइटवर उतरवला. तिथे ३ मीटरपर्यंत चालतं. एमओ ड्राइव्हला तेवढा वेग लागतच नाही.

टर्मिनेटरबद्दल: आत रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आहे, तो २.८५ व्होल्ट धरून ११० ओहममधून देतो, त्यामुळे लांबच्या टोकाला टर्मिनेशनची वीज थोडी पडली तरी बिघडत नाही. यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यावरच्या हिरव्या दिव्यावर मात्र विसंबू नका. वीज पोचली एवढंच तो सांगतो, मध्ये भलतं टर्मिनेशन राहिलं असेल तरी तो छान लागतो. शिवाय हा टर्मिनेटर जड आहे. माझ्या स्कॅनरच्या कनेक्टरची एक तारेची क्लिप तुटलीय, त्यामुळे टर्मिनेटर एका बाजूला कलायचा; आता पट्टीनं बांधलाय.

तीसेक डिस्क अजून बाकी आहेत. परवा १९९६ च्या दिवाळी अंकाची फाइल उघडली. जुना फॉन्ट त्याच मशीनवर असल्यानं जोडाक्षरं जागच्या जागी होती. वडिलांना शेजारी बसवून पान न पान दाखवलं.