पान पडलं, पान पडलं: सात महिने वाचलेलं पानगळीचं पुस्तक

गेल्या ऑगस्टच्या शेवटी हे पुस्तक मागवलं तेव्हा लेक सव्वादोन वर्षांची होती. आता मार्च संपत आलाय. पुस्तकाचा एक कोपरा चावून मऊ झालाय, मधली दोन पानं चिकटवलेली आहेत आणि आतलं सगळं तिला तोंडपाठ आहे. लहान मुलांसाठी काय घ्यावं या विचारात असलेल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

पुस्तक इंग्रजी आहे. जाड पुठ्ठ्याची पानं, दर दोन पानांवर पसरलेलं एक मोठं चित्र आणि खाली यमकाच्या दोन ओळी. विषय थंड देशातला ऑटम. लाल-पिवळ्या पानांचे मेपल, ओकच्या बिया पुरणारी खार, शेतातले केशरी भोपळे, बुजगावणं, दक्षिणेकडे निघालेली जंगली हंसांची रांग आणि शेवटी एक उघडं झाड.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी पानं उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, असली झाडं आपल्याकडं कुठं असत्यात? पोरीला काय कळायचं ह्यातलं?" खरं सांगते, मलाही तीच धास्ती होती. आमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो आणि तेव्हा तो पावसानं हिरवागार झाला होता. पानगळीचं नावसुद्धा नव्हतं.

पण लेकीनं चित्रांना आपापली घरं शोधून दिली. भोपळ्याचं पान आलं की विचारायची, "म्हातारी कुठंय?" लेकीकडं जाणारी म्हातारी आत बसली असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. बुजगावणं तर तिनं आजोळी ज्वारीच्या रानात पाहिलेलंच होतं.

खरी जादू यमकाची. रोज रात्री एकदा, कधी तीनदा, असं तीनेक आठवडे वाचल्यावर मी ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबायला लागले. दोनच दिवसांत तो शब्द ती भरायला लागली. अर्थ माहीत नव्हता, पण आधीच्या ओळीचा आवाज कानात राहिलेला असायचा आणि त्यानं पुढचा शब्द ओढून आणायचा. अक्षरओळख नसलेल्या मुलीला "मी वाचलं" असं वाटणं ही फार मोठी गोष्ट आहे. घेतलंत तर हे थांबणं नक्की करून बघा. घाई मात्र करू नका, शब्द मुलाच्या ओठांवर यायला वेळ द्या.

यमक सगळीकडे सारखं नाही. दोन ठिकाणी ते तिकडच्या उच्चारातच जुळत असावं, आपण वाचलं की जुळत नाही. हंसांच्या पानावरची दुसरी ओळ तर इतकी लांब आहे की जीभ अडखळतेच. तिथंच एका रात्री आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पुस्तक हातात घेतलं. त्यांचं लहानपण कोरेगाव तालुक्यातलं, हादग्याच्या गाण्यांवर वाढलेलं, ताल तोंडातच बसलेला. खारीच्या चित्रावर बोट ठेवून त्या म्हणाल्या:

खारूताईची एकच घाई,
दाणा पुरला, आठवत नाही!

आणि पानांच्या ढिगाऱ्यावर:

पान पडलं, पान पडलं,
झाड नाही मुळीच रडलं.

लेक इतकी हसली की उचकी लागली. तेव्हापासून पुस्तकात दोन मजकूर आहेत. आईंच्या ओळी मी चिठ्ठ्यांवर लिहून पानाच्या खाली चिकटवल्या. (खारीचं तर खरंच आहे. पुरलेल्या काही बिया तिच्याकडून राहून जातात आणि त्यांतूनच नवी झाडं उगवतात.)

ऋतूंबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आम्हाला सगळ्यात जास्त मिळालं ते इथंच. ऑटम म्हणजे शरद असं आपण सहज सांगून टाकतो. कॅलेंडरनं ते बरोबर आहे, 22-23 सप्टेंबरच्या सुमारास तिकडे ऑटम सुरू होतो. पण आपला शरद पानगळीचा नाहीच. त्याच दिवसांत आम्ही कासला गेलो, साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटर. पठारावर गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी पसरलेली. पुस्तकात झाडं रंगत होती, आमच्याकडं जमीन.

मग ऑक्टोबरात गच्चीवर शेपूट हलवत धोबी पक्षी आला. पुस्तकातले हंस उत्तरेतली थंडी टाळायला निघतात, आणि हा उत्तरेकडून आपल्याकडं आलेला पाहुणा. लेकीला एवढंच सांगितलं, "तिकडनं निघालेले इकडं येतात." ती पुस्तक घेऊन गच्चीवर आली आणि धोब्याला हंसांचं पान उघडून दाखवत उभी राहिली.

लाल पान आम्हाला थेट जानेवारीत मिळालं. कॉलनीतल्या देशी बदामाची पानं गळण्याआधी लालभडक होतात, हे इतकी वर्षं त्याच झाडाखालून जाऊन माझ्या कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. तिनं उचललं ते पान तिच्या तोंडाएवढं होतं. कडेला तांबडं, मधल्या शिरेजवळ अजून हिरवट, एका बाजूला किड्यानं पाडलेलं भोक. त्या भोकातून माझ्याकडं बघत तिनं आख्खी "पान पडलं" म्हटली.

सात वर्षांच्या पुतण्यानं मग रंगाचं कारण विचारलं. थंड देशात दिवस लहान आणि गार व्हायला लागले की पानातलं हिरवं द्रव्य मोडतं. आधीपासून असलेला, झाकला गेलेला पिवळा रंग मग दिसू लागतो आणि लाल मात्र बहुतेक वेळा नव्यानं तयार होतो. आपल्याकडं बरीच झाडं पानं टाकतात ती कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला, म्हणून आपली पानगळ शिशिरात. पुस्तकात यातलं काही नाही. मोठ्या भावंडासाठी शेवटी एखादं पान द्यायला हवं होतं.

तक्रार बांधणीची. तिसऱ्याच महिन्यात मधला जोड सुटला. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाकडून ही अपेक्षा नव्हती, आणि साडेचारशे रुपये काही कमी नाहीत. शिवाय पहिली प्रत कोपरा दुमडलेलीच आली होती, ती बदलून घ्यायला विक्रेत्याशी बारा दिवस बोलावं लागलं. फेव्हिकॉल लावून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवलं, ते अजून टिकलंय. छपाईला मात्र पूर्ण गुण. लाळ, दूध, वरणभात सगळं पुसलं गेलं, रंग तसाच आहे.

दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी मी हे जरूर घ्या म्हणेन, पण घरात कुणीतरी मांडीवर घेऊन वाचणारं हवं. पाच वर्षांच्या पुढच्या मुलांना ते लवकर संपेल.

परवा संगम माहुलीहून परत येताना रस्त्याकडेच्या एका पिंपळाला तांबूस, चकचकीत पालवी फुटलेली दिसली. लेकीनं रिक्षातूनच विचारलं, "हे कुठल्या पानावर आहे?" पुस्तक उघड्या झाडापाशीच संपतं, त्यात पालवी नाही. घरी आल्यावर मागच्या कोऱ्या बाजूला तिनं तांबड्या खडूनं रेघोट्या मारल्या, तीच पालवी. खालच्या दोन ओळी आई कालपासून जुळवतायत, 'पिंपळ'शी काही केल्या यमक बसेना.