मायक्रोसॉफ्ट डिफेंडर : पेनड्राइव्हच्या गर्दीत पुरतो का?

आमच्या घरी कॉम्प्युटर एकच. त्यावर माझं डीटीपी चालतं, नवऱ्याचे जीएसटीचे कागद असतात आणि उरलेल्या वेळात मुलगा गेम शोधतो. माझ्याकडे लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं येतात आणि बहुतेक मजकूर अजून पेनड्राइव्हवरच येतो. तो पेनड्राइव्ह आधी झेरॉक्सवाल्याकडे, मग सायबर कॅफेत, मग पतसंस्थेच्या जुन्या मशिनला लागून आलेला असतो. तेव्हा अँटिव्हायरसबद्दल बोलायचा थोडा हक्क माझा आहे.

मी वापरते तो विंडोजमध्येच मिळणारा डिफेंडर. विंडोज ८ पासून तो आतच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. मशिन घेतलं तेव्हा दुकानदाराने एक विकतचा अँटिव्हायरस चाचणीपुरता टाकून दिला होता. असा दुसरा अँटिव्हायरस आला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. त्या पाहुण्याची मुदत संपत आली तशी ऐन कामात 'आजच घ्या, सवलत' अशा खिडक्या उघडायला लागल्या. काढून टाकला, डिफेंडर परत जागेवर आला.

तो खरंच जागा आहे का हे बघायला एक सोपी युक्ती आहे. आयकार (EICAR) नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ मुद्दाम अँटिव्हायरस तपासण्यासाठी बनवलेली आहे. ती नोटपॅडमध्ये चिकटवून फाइल सेव्ह करा. कोपऱ्यात सूचना येते आणि फाइल गायब! तुमचा अँटिव्हायरस कुठलाही असो, एकदा करून बघाच.

आता खरी कसोटी, म्हणजे शॉर्टकट व्हायरस. पेनड्राइव्ह उघडला की 'अहवाल', 'फोटो' हे फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. तो शॉर्टकट असतो. खरे फोल्डर व्हायरसने लपवलेले असतात आणि बाणावर डबल क्लिक केलं की व्हायरस तुमच्याकडे येतो. डिफेंडर हे शॉर्टकट पकडून उडवतो. पण लपवलेले फोल्डर तो परत दाखवत नाही. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला रिकामा पेनड्राइव्ह दिसतो आणि "ताई, माझा सगळा डेटा उडवलात!" अशी बोंब सुरू होते. डेटा कुठेही गेलेला नसतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, ॲट्रिबची (attrib) कमांड वजा एच, वजा आर, वजा एस लावून त्या ड्राइव्हवर चालवली की सगळं वर येतं. हे काम डिफेंडरने स्वतः करायला हवं होतं, किंवा निदान सांगायला तरी.

दुसरी गोष्ट रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची. विंडोज सिक्युरिटीत 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' खाली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' असं एक बटण आहे, २०१७ पासून. ते चालू केलं की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांत लिहिता येत नाही. इतकी कामाची गोष्ट, पण मुळात बंद असते! कारण उघड आहे : ते जुन्या सॉफ्टवेअरलाही अडवतं आणि 'फाइल सापडली नाही' असला भलताच एरर येऊ शकतो. डीटीपीवाल्यांची निम्मी सॉफ्टवेअरं वीस वर्षांपूर्वीची, त्यामुळे एकेकाला हाताने परवानगी देत बसावं लागतं. तासभर डोकं जातं, पण द्या.

मशिनमध्ये जुनी हार्ड डिस्क असेल तर पूर्ण स्कॅन चालू असताना काम करायच्या भानगडीत पडू नका. आणि इंटरनेट बंद असेल तर डिफेंडरची पकड ढिली होते, कारण नव्या फाइलबद्दल तो क्लाउडला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरला विचारतो. पेनड्राइव्ह लावायच्या आधी नेट चालू आहे ना, एवढं मी बघते.

मुलाला मी वेगळं स्टँडर्ड अकाउंट करून दिलंय. फुकट गेमचे व्हिडिओ पहिली सूचना देतात ती 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी. स्टँडर्ड अकाउंटवर ते बंद करायला माझा पासवर्ड लागतो. तो चिडतो, चिडू दे.

डिफेंडरच्या आवाक्याबाहेरचंही बरंच आहे. सासूबाईंनी पाककृतीच्या साइटवर 'अलाउ' दाबलं की 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले' अशा सूचना सुरू होतात. तो व्हायरस नसतो, ब्राउझरची नोटिफिकेशन असते. सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढायची. त्यातला नंबर फिरवला आणि पलीकडच्याने एनीडेस्क (दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप) टाकायला लावलं, तर कुठलाच अँटिव्हायरस वाचवत नाही, कारण दार आपणच उघडलेलं असतं. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

मग विकतचा घ्यावा का? फोनवर मदत करणारा माणूस हवा असेल तर घ्या. माझ्यासारखीला नको. तेच पैसे मी बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये घातले. बॅकअप घेते आणि केबल काढून कपाटात ठेवते. केबल काढायची का, तर लावून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलीही रॅन्समवेअर कुलूपबंद करतं.

विंडोज १० वाल्यांसाठी : १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसांची यादी मिळत राहील, पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर मे २०१७ मध्ये पसरला, त्याचं भोक बुजवणारा पॅच (विंडोजचा अपडेट) मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. विंडोज ११ चालत नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या लपलेल्या फोल्डरांसाठी.